नविनची खाली गेलेली मान

आमच्या घरामागच्या नारळांवर गेली आठ वर्षं नविनच चढतो. कोसबाडच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी त्याचा पाडा. घरात तो आणि त्याची आई रूपी. उंची पाच फूट दोन इंच, तीही सकाळी. संध्याकाळपर्यंत थोडी उतरते असं त्याची आईच म्हणते. पण झाडावर त्याला बघावं. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि आपण "सावकाश रे" म्हणेपर्यंत हा झावळ्यांत पोचलेला. खारीनं शिकवणी लावावी असं चढणं.

या कामाची आमच्याकडे एक रीत आहे. चढण्याआधी बुंध्याशी उभं राहून तीनदा मोठ्यानं ओरडायचं, "चढतो होऽऽ!" कारण पाड्यावरच्या न्हाण्या झापांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या. चारी बाजूंनी आडोसा आणि वर आभाळ. जमिनीवरून कुणाला काही दिसत नाही, पण चाळीस फुटांवरून सगळंच दिसतं. आरोळी ऐकली की आतली बाई अंगावर कपडा घेते, नाहीतर "थांब रे मेल्या, साबण लागलाय!" असं आतूनच ओरडते. मग चढणारा बुंध्याशी बसून कोयत्याला धार लावत राहतो. नारळ कुठे पळून जात नाहीत.

पुढचं मला कळलं ते नविनच्याच तोंडून, आणि एकटीला नाही, अख्ख्या मंडळीला. आमच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी प्रार्थना असते आणि ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. बहुतेक साक्षी गुडघेदुखीच्या असतात. त्या बुधवारी नविन उठला. कान लाल झालेले.

"परवा नाताळचे नारळ उतरवत होतो," तो म्हणाला. "शेजारच्या न्हाणीतून बांगड्यांचा आवाज आला. मी आरोळी दिली. तीनदा दिली. पण..." त्यानं समोरच्या बाकाची कड धरली. "बारीक दिली."

बायकांच्या बाजूला माना वळल्या. कुणीतरी पदर सावरला.

"मग वर गेलो आणि खाली बघितलं."

"आणि?" हे विचारलं पाळकसाहेबांनीच. त्यांनाही राहवलं नाही.

"रतन गुरुजी."

पहिल्या बाकावर बसलेले रतन गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, वय बहात्तर, यांनी सावकाश मान डोलावली. "खरं आहे. मी पाठ घासत होतो. बांगड्या आमच्या हिच्या, ती बाहेर भांडी घासत होती. मी वर बघून म्हटलं, आलाच आहेस तर दोन शहाळी टाक. यानं घाबरून सहा टाकली. एक बादलीत पडलं."

चर्च हसून हसून आडवं झालं. गुरुजींच्या बायकोनं तर डोळे पुसले. नविन मात्र तसाच उभा. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "हसा तुम्ही. पण न्हाणीत गुरुजी निघाले यात माझा काही चांगुलपणा नाही. आवाज तर मी बारीकच केला होता ना?"

मग कुणी हसलं नाही. त्या पोरानं एवढं बोलून आमच्यातल्या बऱ्याच जणांना आपापले बारीक केलेले आवाज आठवायला लावले. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि सांगितलं की जुन्या काळी एका देवभीरू माणसानं आपल्या डोळ्यांशी करार केला होता, की परस्त्रीकडे वाईट नजर जाऊ द्यायची नाही. तूही तसा कर.

पाळकसाहेब एवढं बोलून चहाला गेले. नविननं घरी जाऊन करार केला, आणि तो केला अगदी नारळ उतरवणाऱ्यासारखा: एकदा चढायचं तर शेंड्यापर्यंत. लग्न होईपर्यंत आईशिवाय कुठल्याही बाईकडे बघायचंच नाही. वाईट नजरेनं नाही, चांगल्या नजरेनं नाही, चुकून नाही. आधी मोठा मोबाइल विकून बटणांचा घेतला, कारण त्या मोठ्यावर "न बोलावता बायका येतात". मग मान खाली गेली.

आईनं त्याला तलासरीच्या बाजारात काळा चष्मा घ्यायला पाठवलं, म्हणजे निदान मान मोडणार नाही. दुकानदार गुजराती, दिलखुलास माणूस. म्हणाला, "अरे भाई, हा घे. एकदम काळा. कोणाकडे बघतोय ते कोणाला समजनारच नाय. जवान पोरं हाच नेतात."

नविननं चष्मा तिथेच ठेवला आणि हात भाजल्यासारखा बाहेर आला. दुकानदार मागून ओरडत राहिला, "किंमत कमी करतो ना!"

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्याला वरून बघितलं. म्हणजे त्याच्या टाळूवरून. तो पाय बघून बायका ओळखायला शिकला. मी दारात गेले की माझ्या चपलांना नमस्कार करायचा. "ताई, डाव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय." नवी चप्पल घेतली तर दोन दिवस मला पाहुणी समजून "मालकीणबाई आहेत का घरात?" विचारत होता. एकदा डहाणू रोडला बसस्टँडवर नेहमीच्या पायांच्या मागे बसमध्ये चढला. पाय कोसबाडच्या शिक्षिकेचे. पण बाई निघाली होती माहेरी, झाईला. कंडक्टरही बाईच. तिनं तिकीट विचारलं तर हा तिच्या बुटांना म्हणतो, "कोसबाड एक."

"अरे दादा, गाडी झाईची आहे. बोर्ड नाही वाचला?"

"बोर्ड वर असतो," नविन म्हणाला.

झाईला उतरून समुद्र बघितला आणि परत आला. समुद्राकडे बघायला करारात हरकत नव्हती.

आम्ही हसायचो, पण एक सांगते. पाड्यावरच्या बायका त्याला हसता हसता त्याचंच नाव घ्यायच्या. "नारळाला नविनलाच बोलवा. त्याची आरोळी गुजरातपर्यंत ऐकू जाते." आता तो तीनदा नाही, सातदा ओरडायचा, शिवाय चढताना मोठ्यानं भजन म्हणायचा, तेही बेसूर. म्हातारे म्हणायचे याच्यापेक्षा पूर्वीचा बरा होता. बायका तसं म्हणत नव्हत्या.

अडचण आली ती लग्नाची वेळ झाल्यावर. रूपीनं आपला भाऊ लडक्या याला कामाला लावलं. लडक्यामामानं तलासरीकडची एक मुलगी काढली. रविना, अंगणवाडीत मदतनीस, प्रार्थनेला नेमानं जाणारी, आवाज गोड. एका रविवारी दुपारी मामा-भाचे मुलगी बघायला गेले. आता मुलगी बघायला जाणारा आणि मुलगी न बघणारा एकच माणूस असला तर काय व्हायचं?

मामा वाटेत समजावत होता. "अरे, बघायलाच तर चाललोय आपण. सगळे बघतात."

"लग्नानंतर बघेन ना. पळून कुठे जाणार आहे?"

"नाही आवडली तर?"

"मामा, मी काय बाजारातून भोपळा आणतोय? ठोकून-वाजवून?"

मामा भरभर पुढे चालू लागला. त्यानं स्वतः बायको ठोकून-वाजवूनच आणली होती आणि आता तीच त्याला वाजवत होती.

चहाचा ट्रे आला. नविनला दिसले दोन पाय. मोठे, रुंद, स्वच्छ. तेवढ्यात एक कोंबडी पाच पिल्लं घेऊन मधे आली. हातात ट्रे, पायात पिल्लं. दुसरं कुणी असतं तर कोंबडी उडाली असती. त्या पायांपैकी एक हळूच आडवा झाला, भिंतीसारखा; पिल्लं त्याच्या कडेकडेनं निघून गेली, आणि कप एकही हिंदकळला नाही.

"मला पसंत आहे," नविन पायांना म्हणाला.

वरून कुणीतरी दचकून श्वास घेतला. जरा फारच वरून आला तो श्वास, पण नविननं लक्ष दिलं नाही.

परतताना मामा खोकला. "पोर उंच आहे हां."

"सगळेच माझ्यापेक्षा उंच असतात, मामा."

"नाही, म्हणजे... दारातून वाकून आली."

"नम्र असेल."

मामानं पुन्हा तो विषय काढला नाही. जमत आलेलं लग्न मोडायला तो काही वेडा नव्हता.

रविना पाच फूट दहा इंच. हे नविन सोडून दोन तालुक्यांत सगळ्यांना माहीत होतं. तिची आई संगिताबाई यांनी मला नंतर सांगितलं, आधी तीन स्थळं येऊन गेली. पहिला "कळवतो" म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्याच्या आईनं मुलाला तिच्या शेजारी उभं करून बघितलं, आणि मुलालाच ओरडली, "ताठ उभा राहा ना!" तिसरा बटाट्याची सहा भजी खाईपर्यंत खूश होता, ती पाणी आणायला उठली, उठतच राहिली, आणि याला एकदम तातडीचा फोन आला. फोन वाजला नव्हता. म्हणून नविन "पसंत" म्हणाला तेव्हा ती आत जाऊन रडली होती, आनंदानं.

साखरपुड्यालाही त्यानं बोटाकडेच बघून अंगठी घातली. मग फोनवर बोलणं सुरू झालं. बोलायला नविन छान. झाडांचं सांगे, आईचं सांगे, आणि न्हाणीतल्या गुरुजींची गोष्टही त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली. ती अर्धा तास हसली. मग एकदा तिनं जरा लाजत विचारलं, "मी कशी वाटले तुम्हाला?"

"पाय चांगले आहेत."

"आणि?"

"आणि चपला पण."

मग ती म्हणाली, "तुम्ही मला बघितलंच नाही?"

"लग्न झाल्याबरोबर बघणार," नविन उत्साहानं म्हणाला. त्याला वाटलं ती खूश होईल.

त्या दिवसापासून रविनाची झोप उडाली. हा मला पसंत करून बसलाय, तो कुणाला? पायांना? लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर मान वर करेल आणि याचं तोंड त्या भजीवाल्यासारखं झालं, तर? तेव्हा तर याला खोटा फोनही घेता येणार नाही. तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, "गप बस. होऊन जाऊ दे." तिनं लडक्यामामाला निरोप धाडला. मामा म्हणाला, "होऊन जाऊ दे."

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं मंडळीसमोर वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं, असं पाळक विचारतात. चाळीस वर्षांत आमच्या चर्चमध्ये कुणी बोललेलं नाही. त्या प्रश्नानंतर जी शांतता असते तीत लोक जेवणाचा विचार करतात. तिसऱ्या रविवारी मुलीकडची मंडळी आमच्याकडे आली होती, कारण नंतर जेवण होतं. मीही वालाच्या बिरड्याला मीठ घातलं की नाही याच्याच विचारात होते.

"...कुणाची हरकत असेल तर त्यांनी आता सांगावं," पाळकसाहेब म्हणाले आणि पान उलटायला लागले.

"माझी आहे."

बायकांच्या बाजूनं रविना उठली. आमचं चर्च पत्र्याचं, बुटकं, आणि पंखा दांडीला लोंबता. ती उठतेय तोवर गुरुजींच्या बायकोनं झेप घेऊन पंख्याचं बटण बंद केलं. पंखा तिच्या केसांना वारा घालत घालत थांबला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "पण बाय, नवरी तूच ना?"

"हो. पण यांनी मला बघितलेलं नाही."

नविन पुरुषांच्या बाजूला उठून उभा राहिला, मान खाली. रूपीनं कपाळाला हात लावला. लडक्यामामा हळूच खांबामागे सरकला.

"तीन जण मला बघून गेले," रविना म्हणाली. आवाज थरथरत होता पण थांबला नाही. "त्यांचं निदान बरं, बघून गेले. हे न बघता आलेत. मला लग्नाच्या दिवशी यांचा चेहरा पडलेला बघायचा नाही. जायचं असेल तर आताच बघा आणि जा. नाहीतर माझी हरकत."

"मी कुठे जातोय?" नविन फरशीला म्हणाला. "पण मी करार केलाय. लग्न होईपर्यंत परक्या बाईकडे बघायचं नाही."

"ती आता परकी कुठे?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तीनदा नाव वाचून झालं की परकी नाही."

"पण हरकत आली ना! म्हणजे अजून परकीच."

"अर्धी धरा," रतन गुरुजी म्हणाले. "साखरपुड्याचे निम्मे गुण."

"गुरुजी, तुम्ही गप्प बसा. तुमच्यामुळेच सुरू झालंय हे सगळं!" त्यांची बायको म्हणाली.

हशा पिकला. रविनाचे डोळे मात्र भरून आले होते, आणि ती बसत नव्हती. ते पाळकसाहेबांनी बघितलं आणि पुढे आले. "नविन, तू करार कशासाठी केलास?"

"आवाज बारीक केला म्हणून."

"म्हणजे कशाविरुद्ध केलास?"

नविननं विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो, पण मधे थांबत नाही. "चोरून बघण्याविरुद्ध."

"मग ही भरल्या चर्चमध्ये उभी राहून, पंखा बंद करून, बघ म्हणतेय. यात चोरी कुठली? मी तुला डोळ्यांवर राखण ठेवायला सांगितलं होतं, डोळ्यांना कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकायला नाही. प्रभू लोकांशी बोलायचा तो काय त्यांच्या पायांकडे बघून?"

"नाही."

"मग बघ तिच्याकडे. माणसानं माणसाकडे बघावं तसं."

नविननं डोळे मिटले, ओठ हलले, प्रार्थना केली असावी. मग दीड वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत मान वर केली, आणि माणसाचं तोंड जिथं असायला हवं तिथं बघितलं. तिथं तोंड नव्हतं. तिथं साडीच्या पदराला लावलेली पिन होती. त्यानं घाबरून पुन्हा डोळे मिटले.

"वर!" लडक्यामामा खांबामागून ओरडला.

"अजून वर रे!" पाळकसाहेब.

"वर! वर!" सगळं चर्च, लहान-मोठं, ओरडायला लागलं. रस्त्यावरून जाणारा टेम्पोवाला काय झालं म्हणून दारात येऊन उभा राहिला. त्यानंही "वर!" म्हटलं, कशाला ते न कळता.

नविनची मान मागे जात राहिली, झाडाखाली उभं राहून नारळांचे घड मोजताना जाते तशी. आणि मग पोचली. रविना खाली बघत होती, दात ओठांवर रोवून, शिक्षेची वाट बघितल्यासारखी. मी बायकांच्या बाजूनं नविनचं तोंड नीट बघितलं. ते पडलं नाही. त्यावर काळजी उमटली.

"तुमचं डोकं लागत नाही का हो दारांना?" त्यानं विचारलं.

"लागतं," ती म्हणाली.

"रोज?"

"शाळेच्या दाराला नाही. बाकी सगळ्यांना."

"इथे?" त्यानं स्वतःच्या कपाळावर हात ठेवला.

"इथे," तिनंही कपाळावर हात ठेवला. तिथं खरंच एक जुनी बारीक खूण होती. एवढ्या लोकांनी तिची उंची बघितली होती, ती खूण आम्ही कुणी बघितली नव्हती.

"आमचं दार तर फारच बुटकं आहे," नविन विचारात पडून म्हणाला. "माझ्या मापाचं. ते काढायला लागेल." मग पाळकसाहेबांकडे वळून, "साहेब, मला पसंत आहे."

"पसंत तर तू म्हणालासच रे सहा महिन्यांपूर्वी," पाळकसाहेब म्हणाले. "बाय, आता हरकत मागे घेतेस?"

रविनानं नाक पुसलं. रडताना हसू आलं की माणूस जसा दिसतो तशी दिसत होती. पण अंगणवाडीतली बाई. पोरांनी हात धुतले म्हटलं तरी ती हात उलटे करून बघते. "दार झाल्यावर घेते," ती म्हणाली.

म्हणून आमच्याकडे ते नाव चार रविवार वाचलं गेलं. असं आधी कधी झालं नव्हतं. पाळकसाहेबांनी वहीत कारण काय लिहिलं ते मी विचारलं, तर ते म्हणाले, "बांधकाम."

आठवडाभर नविन आणि लडक्यामामा दारावर होते. चौकट काढली, वरची कौलं उतरवली, छपराचं पाखं एका बाजूनं उचललं. रूपी अंगणात चूल मांडून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "सून यायची आहे की हत्ती, मला अजून समजलं नाही." पण नव्या चौकटीला हळद तिनंच लावली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शनिवारी रविना आईला घेऊन दार बघायला आली. आम्हीही चार जणी गेलो, म्हटलं मदतीला. खरं तर बघायला. ती अंगणात थांबली. सवयीनं मान वाकली होती. मग तिनं ती सरळ केली आणि तशीच आत गेली. डोक्यावर चार बोटं जागा उरली. ती बाहेर आली. परत आत गेली, परत बाहेर आली. तिसऱ्यांदा तर उगाचच.

नविन कोयता हातात घेऊन समोर उभा होता आणि बघत होता. लपून नाही, तिरका नाही. सगळ्यांसमोर, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून.

"अरे माशी जाईल तोंडात!" रूपी म्हणाली.

रविना दारात थांबली. लाजली, पण वाकली नाही. "झालं बघून?"

"नाही," नविन म्हणाला.

"मग माझी हरकत नाही," ती म्हणाली आणि चुलीवरचा चहा उतू चालला होता तो उतरवायला गेली.